मुलाला पार्टटाइम जॉब हवाय? अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी आई-बाबांसाठी

इथे येऊन सहा महिने होतात न होतात तोच नववी-दहावीतलं पोर जेवताना सहज म्हणतं, "मला जॉब करायचाय." बाबांचा घास हातातच राहतो. आपल्याकडे शिकत्या मुलाने दुकानात उभं राहायचं म्हणजे घरात ओढाताण असणार, असाच अर्थ काढतात. इथे डॉक्टरची लेकही आइस्क्रीमच्या दुकानात कोन भरते आणि शेजारीपाजारी त्याची चर्चा करत नाहीत.

जरा खोदून विचारलंत तर कळतं, की पैसे हे निम्मंच कारण. शाळा दुपारीच सुटते, पिवळी बस कोपऱ्यावर सोडते, आणि मग पायी जाता येईल असं आसपास काहीच नसतं. वर्गातली मुलं पाचवीपासूनची एकमेकांची. त्यांच्या घोळक्यात नव्याने शिरणं मोठ्यांनाही जमत नाही. कामाच्या जागी मात्र सगळेच कधी ना कधी नवे असतात आणि चार तास एकत्र लाद्या पुसल्या की बोलणं होतंच. आमच्या लेकीची इथली पहिली मैत्रीण वर्गातली नव्हती, किराणा दुकानाच्या काउंटरवरची होती. म्हणून या लेखात नोकरी आणि मित्रमंडळ वेगळं काढलेलं नाही. एकाचं वेळापत्रक ठरवलं की दुसऱ्याचं आपोआप ठरतं, आणि बहुतेक घरांची गफलत तिथेच होते.

पहिली पायरी: व्हिसा

अर्ज, मुलाखत, पगार, सगळं नंतर. आधी मुलाच्या पासपोर्टमधला व्हिसा आणि आय-९४, म्हणजे देशात आल्याची सरकारी नोंद, बघा.

तुम्ही एच-१बी वर असाल तर मूल एच-४ वर असतं, आणि एच-४ वरच्या मुलांना काम करता येत नाही. "पण एच-४ वाल्यांना ईएडी मिळते ना?" हा प्रश्न हमखास येतो. ईएडी म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड. २०१५ पासून ती मिळते ती काही ठरावीक एच-१बी धारकांच्या जोडीदाराला. मुलांना नाही. एल-२ चं, म्हणजे एल-१ व्हिसावाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसाचं, तेच. जोडीदाराला काम करता येतं, मुलांना नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर अडचणच नाही. मधली एक वाट आहे: तुमच्या ग्रीन कार्डचं प्रकरण आय-४८५ पर्यंत, म्हणजे ग्रीन कार्डच्या प्रत्यक्ष अर्जापर्यंत, पोचलं असेल आणि त्यात मुलाचाही अर्ज दाखल असेल, तर मुलासाठी आय-७६५ हा फॉर्म भरून ईएडी मागता येते. कार्ड हातात आल्यावरच कामाला सुरुवात करायची.

यात पळवाटा शोधू नका. "ओळखीच्यांचं दुकान आहे, रोख देतील, कोण बघतंय" हा सल्ला तुम्हाला पहिल्याच गेट-टुगेदरला मिळेल, तोही प्रेमाने. पैसे रोख घेतले म्हणून काम काम नाही असं होत नाही. पुढे आय-४८५ भरताना परवानगीशिवाय काम केलंय का, हे सरळ विचारलेलं असतं, आणि तिथे सही मुलाची असते. पैसे घेऊन शिकवण्या घेणं, ऑनलाइन काही विकणं हेही रोजगार धरलं जाऊ शकतं. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, व्हॉट्सॅप ग्रुपला नको.

एच-४ वरच्या मुलाला हे सांगणं जिवावर येतं. बरोबरीची मुलं कमावतात आणि याने मात्र काम करायचं नाही, तेही त्याचा काही दोष नसताना. त्याला खरं कारण सांगा. "अभ्यासावर लक्ष दे" असं म्हणून वेळ मारून नेलीत तर त्याला वाटतं आई-बाबा जुन्या वळणाचे आहेत, आणि राग तुमच्यावर निघतो.

काम नाही तर व्हॉलंटिअरिंग. सार्वजनिक ग्रंथालय, फूड बँक, इस्पितळातला किशोरवयीन स्वयंसेवकांचा कार्यक्रम, प्राण्यांचा निवारा, अशा जागी शिफ्ट असते, टी-शर्ट मिळतो, बरोबरीची मुलं भेटतात. मित्र जोडायला हे नोकरीइतकंच उपयोगी पडतं. फक्त जागा ना-नफा किंवा सरकारी हवी, आणि ज्या कामासाठी तिथे इतरांना पगार मिळतो ते काम नको. दुकानात "फुकट शिकायला येतो" हे चालत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्याने फुकट राबवून घेणं कायद्यात बसत नाही.

दुसरी पायरी: वय आणि तास

मुलांच्या कामाचा केंद्रीय कायदा १९३८ चा आहे, फेअर लेबर स्टँडर्ड्‌स अ‍ॅक्ट. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक नोकऱ्या बंद. वर्तमानपत्रं टाकणं, अधूनमधून कुणाची मुलं सांभाळणं, आई-बाबांच्या स्वतःच्या धंद्यात बिनधोक्याची मदत, एवढे काही अपवाद आहेत.

१४-१५ वर्षांच्या मुलांना शाळा असेल त्या दिवशी जास्तीत जास्त ३ तास आणि शाळेच्या आठवड्यात १८ तास काम करता येतं. शाळा नसेल त्या दिवशी ८, आणि सुट्टीच्या आठवड्यात ४०. वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७. फक्त १ जूनपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, म्हणजे लेबर डेपर्यंत, रात्री ९ चालतात. शुक्रवार हा शाळेचाच दिवस धरतात. "उद्या सुट्टी आहे" म्हणून शुक्रवारी पाच तास थांबवून घेणारे मॅनेजर भेटतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

१६-१७ ला केंद्राची तासांची मर्यादा नाही, पण राज्यांची असते, आणि दोन्हींत जो नियम कडक तो लागू. कॅलिफोर्नियात १६-१७ वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी साधारणपणे ४ तासच काम करता येतं. टेक्सासमध्ये बराचसा कारभार केंद्राच्या नियमांवरच चालतो. आपल्या राज्याच्या कामगार खात्याच्या संकेतस्थळावर अल्पवयीनांच्या कामाचं पान असतं, ते एकदा मुलाला शेजारी बसवून वाचा.

वर्क परमिट किंवा वर्किंग पेपर्स हा कागदही राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात तो शाळेमार्फत मिळतो: आधी नोकरी पक्की, मग मालक आणि पालक दोघांच्या सह्या, मग शाळेचा शिक्का. न्यू जर्सीत २०२३ पासून हे ऑनलाइन झालं. टेक्सासमध्ये लागतच नाही. आणि याचा इमिग्रेशनशी संबंध नाही बरं का. 'परमिट' या शब्दाने फसून एच-४ च्या मुलाला कामाची परवानगी मिळाली असं समजणारे मी पाहिलेत. तो कागद वयाचा आहे, व्हिसाचा नाही.

तिसरी पायरी: कुठलं काम

पहिल्या नोकरीसाठी किराणा दुकानात पिशव्या भरणं, आइस्क्रीम किंवा फास्टफूडचं काउंटर, सिनेमाघर, उन्हाळी शिबिरात लहान मुलांचा दादा-ताई होणं, शिकवणी वर्गात वह्या तपासणं, अशी कामं चांगली. माझं मत विचाराल तर पहिली नोकरी अशी निवडा जिथे मुलाच्या वयाची आणखी चार-पाच मुलं काम करतात. शिकवणी वर्गात तासाला दोन डॉलर जास्त मिळतील, पण तिथे मूल एकटंच कोपऱ्यात वह्या तपासत बसणार असेल तर ज्यासाठी हा खटाटोप केला तेच हुकतं.

पोहता येत असेल तर लाइफगार्ड ही फार चांगली वाट. रेड क्रॉसचा लाइफगार्डचा कोर्स १५ व्या वर्षापासून करता येतो आणि स्विमिंग पूलवर त्या वयापासून कामही मिळतं. समुद्र-तळ्याला मात्र १६ लागतात. मे महिन्यात अर्ज करायला गेलात तर जागा भरलेल्या असतात. चौकशी हिवाळ्यातच करायची.

काही कामं कायद्याने बंद आहेत आणि ती मुलाला तोंडपाठ हवीत, कारण गर्दीच्या वेळी मॅनेजरला आठवत नाहीत. १८ वर्षांखालच्या कुणीही मांस कापायचं विजेचं यंत्र चालवायचं नाही, साफही करायचं नाही. कणीक मळायची मोठी यंत्रंही तशीच. १४-१५ च्या मुलांनी शिडीवर चढून काम करायचं नाही, ओव्हनमध्ये भाजायचं नाही. १६ आणि त्याखालच्यांनी कामाचा भाग म्हणून गाडी चालवायची नाही. १७ ला अगदी मोजकी सूट आहे, पण घरोघर पिझ्झा पोचवणं तिच्यात बसत नाही. "मला याची परवानगी नाही" एवढं एक वाक्य इंग्रजीत न अडखळता म्हणायचा सराव घरी करून घ्या. आपल्या मुलांना मोठ्यांना नाही म्हणायची सवय नसते, आणि तो आपलाच प्रताप.

चौथी पायरी: अर्ज, आणि अव्हेलेबिलिटीचा रकाना

अर्ज बहुतेक ऑनलाइन. मुलाखतीला मुलाने एकट्याने आत जायचं. तुम्ही गाडीत बसा. फोनही त्यानेच करायचा, आज बरं नाही म्हणून कळवायचं तेही त्यानेच. आईचा फोन मॅनेजरला गेला की दुसऱ्या दिवशी त्या पोराची तिथे जी टिंगल होते ती तुम्हाला कधी कळतही नाही.

आता खरा मुद्दा. अर्जात एक तक्ता असतो: आठवड्यातल्या कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी तुम्ही येऊ शकता. याला सगळे अव्हेलेबिलिटी म्हणतात. नवं मूल उत्साहात सगळीकडे 'हो' भरतं. आपणही शेजारी उभे राहून म्हणतो, "भर भर, नाहीतर घेणार नाहीत." आणि मग तीन महिने प्रत्येक शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ दुकानात जाते, कारण त्याच वेळी दुकानात गर्दी असते आणि जुन्या मुलांनी ते दिवस आधीच टाळलेले असतात. मित्र मिळावेत म्हणून नोकरी घेतली, आणि मित्र जमतात त्याच वेळा नोकरीने खाल्ल्या.

आमच्या थोरलीचं अगदी असंच झालं. शरद ऋतूतले सगळे शुक्रवार तिने काउंटरवर काढले. बाहेरून तिच्याच शाळेतली मुलं तोंडं रंगवून मॅचला जाताना दिसायची. ती काही बोलली नाही. आम्हाला कळलं डिसेंबरात. धाकट्याच्या वेळी मात्र तक्ता जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी मिळून भरला: आठवड्यात दोन संध्याकाळी आणि रविवार दुपार, मिळून दहा-बारा तास. शुक्रवार मोकळा. एका ठिकाणी यावर नकार मिळाला, दुसऱ्या ठिकाणी घेतलं.

तक्ता भरण्याआधी शाळेचं कॅलेंडर समोर ठेवा. मे महिन्यात एपी (कॉलेजच्या तोडीच्या विषयांच्या) परीक्षा, सत्राच्या शेवटी फायनल्स, क्लबच्या स्पर्धा. या तारखांची रजा तीन-चार आठवडे आधी मागायची असते, आदल्या रात्री नाही. आणि हो, भारतात जायचं तिकीट काढलं असेल तर ते मुलाखतीतच सांगायचं. जूनमध्ये कामाला लागून जुलैत सहा आठवडे गायब होणारा मुलगा कुठल्याही दुकानाला परवडत नाही.

पाचवी पायरी: पहिल्या दिवसाचे कागद आणि पहिला पेचेक

कामावर आय-९ भरायचा असतो: तुम्ही कोण आणि तुम्हाला काम करायची परवानगी आहे का, याचा पुरावा. ग्रीन कार्ड एकटंच पुरतं. नाहीतर फोटो असलेलं शाळेचं ओळखपत्र आणि बिनशर्तीचं सोशल सिक्युरिटी कार्ड चालतं. कुठला कागद दाखवायचा हे कामगार ठरवतो, मालकाने अमुकच आण म्हणायचं नसतं. दुसरा कागद डब्ल्यू-४, पगारातून केंद्राचा आयकर किती कापायचा त्याचा. मागच्या वर्षी कर लागला नसेल आणि यंदाही लागणार नसेल तर त्यावर एक्झेम्प्ट म्हणून नोंद करता येते. २०२५ साठी एकट्या व्यक्तीचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे कर न लागणारी रक्कम, १५,७५० डॉलर होतं. शाळकरी मुलाची फक्त पगाराची कमाई त्याच्या आसपासही जात नाही.

तरी पहिला पेचेक पाहून पोराचा चेहरा पडतोच. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के जातात, एक्झेम्प्ट असला तरी. पगाराचा दरही राज्यावर. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरच आहे. टेक्सासमध्ये तेच चालतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ ला ते १६.५० झालं. शिवाय २० वर्षांखालच्या नव्या कामगाराला पहिले ९० दिवस ४.२५ डॉलर देण्याची मुभा केंद्राच्या कायद्यात आहे, काही राज्यं ती देत नाहीत. हे ९० दिवस कॅलेंडरचे, कामाचे नव्हेत. जॉब घेतानाच दर विचारायला लाजू नये.

एक खोड सांभाळा. लेकीला एका ठिकाणी सांगायचे, "दहा मिनिटं आधी ये, टेबलं पुसून घे, मग क्लॉक-इन कर." तिला ते शिस्तीचं वाटायचं. मलाही सुरुवातीला वाटलं. पण काम सुरू झालं की घड्याळ सुरू व्हायला हवं, त्या दहा मिनिटांचे पैसे लागतात. तिने स्वतः वहीत वेळा लिहायला सुरुवात केली आणि महिन्याने ती वही मॅनेजरपुढे ठेवली. पैसे मिळाले. फार काही भांडण झालं नाही.

बँकेचं खातं तुमच्यासोबत जोडलेलं उघडावं लागतं. त्यातले किती खर्चायचे, किती ठेवायचे यावर मी काही सांगणार नाही, प्रत्येक घराचा हिशोब निराळा. पण पहिला पगार मित्रांसोबत उडाला तर बोलू नका.

सहावी पायरी: राइड

इथे सगळं अडतं ते गाडीपाशी. शिफ्ट रात्री नऊला संपते, बस नाही, आणि मुलाला आणायला जाणारे तुम्ही. नोकरी घेण्याआधी हे वेळापत्रक घरात बोला, कारण ही नोकरी थोडी तुमचीही आहे.

लायसन्स मिळालं म्हणजे सुटलो असंही नाही. कॅलिफोर्नियात १८ खालच्या नव्या चालकाला पहिले १२ महिने रात्री ११ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही आणि २० वर्षांखालच्या कुणाला सोबत घेता येत नाही, सोबत २५ वर्षांवरचा लायसन्सवाला नसेल तर. कामावरून यायला उशीर होत असेल तर मालकाची सही असलेली चिठ्ठी जवळ ठेवून सूट मिळते. पण येताना मित्राला घरी सोडायची सूट त्या चिठ्ठीत नसते. न्यू जर्सीत एकट्याने गाडी चालवायला १७ पूर्ण लागतात. दुसऱ्याच्या मुलाने तुमच्या मुलाला "राइड देतो" म्हटलं तर त्याला लायसन्स कधी मिळालं हे बिनदिक्कत विचारा. कुणी रागावत नाही, इथले आई-बाबाही विचारतात.

सातवी पायरी: मोकळा ठेवलेला शुक्रवार

ठेवला खरा, पण त्यात काय होतं हे नव्या घरात कुणालाच माहीत नसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅच. खेळ कळला नाही तरी चालतं, बघायला कुणी जात नाही, भेटायला जातात. त्याच दिवसांत होमकमिंगचा, म्हणजे शाळेच्या शरदातल्या सोहळ्याचा, डान्स. नव्या मुलांची तारांबळ उडते कारण तिकीट काढलं म्हणजे झालं असं वाटतं. प्रत्यक्षात दोन-तीन आठवडे आधी 'ग्रुप' ठरतो: आधी कुणाच्या तरी अंगणात फोटो, मग एकत्र जेवण, मग डान्स. ग्रुप नसेल तर मूल तिकीट असूनही घरी बसतं. सप्टेंबरात एकदा सहज विचारा, "तुझा ग्रुप ठरला का?" प्रॉम हा दुसरा मोठा डान्स वसंतात, अकरावी-बारावीचा, तिथेही तीच रीत.

बाकी बहुतेक भेटी 'हँगआउट' नावाच्या, ज्यांना काही कार्यक्रमच नसतो. "तिथे जाऊन करणार काय?" या प्रश्नाला उत्तर नाही, तो विचारू नका. विचारायचं ते एवढंच: कुणाच्या घरी, मोठं माणूस घरात आहे का, परत कसा येणार. स्लीपओव्हर असेल तर त्या घरच्या आईला मेसेज करा. दारूचं कायदेशीर वय इथे २१ आहे आणि हायस्कूलच्या पार्ट्यांत ती येते, हे धरूनच चाला. आमच्याकडे एक करार आहे: कुठूनही, कितीही वाजता "न्यायला या" असा मेसेज आला तर यायचं, आणि त्या रात्री गाडीत एकही प्रश्न विचारायचा नाही. दोनदा तो मेसेज आला. एकदा नुसतं पोट दुखत होतं.

सगळ्यात सोपं म्हणजे मुलांना आपल्या घरी बोलवा. खायला भरपूर ठेवा, खालच्या मजल्यावर सोडा आणि वर जाऊन बसा. कामावरची मुलंही येतात, वर्गातलीही.

नोकरी सोडताना

बारावीचं वर्ष आलं, कॉलेजचे अर्ज सुरू झाले की बहुतेक मुलं काम सोडतात. दोन आठवडे आधी कळवायची पद्धत आहे. मॅनेजरला तोंडी सांगायचं आणि एक ओळीचा ईमेलही टाकायचा. पुढे कुणी शिफारस विचारली तर हाच मॅनेजर फोन उचलणार असतो. युनिफॉर्म धुऊन परत द्यायचा.

आणि घर बदललं असेल तर नवा पत्ता कळवून ठेवा. डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कागद, जानेवारीअखेर निघतो. तो जुन्या पत्त्यावर गेला तर कापलेला आयकर परत मागताना त्याच मॅनेजरला पुन्हा फोन करावा लागतो, आणि तोही मुलानेच.